१७७ की २२? गोठ्यातल्या उंदरांसाठी छऱ्याची बंदूक घेण्याआधी

तासगावकडचं बेदाण्याचं शेड असो, खटाव-माणमधली कांद्याची चाळ असो नाहीतर साधा चार म्हशींचा गोठा असो, उंदीर-घुशींनी पिचलेला माणूस हल्ली कधी ना कधी मोबाइलवर छऱ्याच्या बंदुकीचे व्हिडिओ बघतोच. व्हिडिओतला इंग्लंडचा शेतकरी अंधारात दुर्बीण लावून एकामागून एक उंदीर टिपतो आणि छातीठोकपणे सांगतो की शेतावर काम करायचं तर २२च घ्या. आपला माणूस ते मनावर घेऊन साताऱ्यात किंवा सांगलीत दुकानात जातो, तर दुकानदार १७७ पुढे करतो आणि २२चं नाव काढलं की मान हलवतो. घरी परतताना डोक्यात एकच शंका: बारीक नळीची बंदूक गळ्यात मारली काय?

तसं काही नाही. तो इंग्रज त्याच्या गावी बरोबर आहे आणि दुकानदार आपल्या गावी. का, ते समजून घ्यायला थोडं गणित लागेल आणि थोडा कायदा. गणित सोपं आहे, तेच आधी उरकू.

हे आकडे कशाचे?

बंदुकीच्या नळीचं आतलं भोक किती रुंद आहे, त्याला कॅलिबर म्हणतात. १७७ म्हणजे ०.१७७ इंच, आपल्या मापात ४.५ मिलिमीटर. २२ म्हणजे ०.२२ इंच, साधारण ५.५ मिलिमीटर. याहून मोठी २५ची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचीही असते, पण तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

एका मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण छर्रा गोल असतो, त्यामुळे २२च्या छऱ्याचं तोंड १७७च्या जवळपास दीडपट मोठं भरतं आणि वजन तर दुपटीला जातं. १७७चा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, २२चा एक ग्रॅमच्या आसपास. तळहातावर घेऊन बघा: पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. मागून हवेचा दाब आला की तो घेर फुगून नळीला घट्ट बसतो. हा घेर डबीत आपटून चेपला असेल तर कितीही महागडी बंदूक असली तरी नेम चुकतो.

दारूच्या बंदुकीत स्फोट छर्रा ढकलतो, इथे हवा ढकलते. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि हवा दाबली जाते, ही सगळ्यात साधी रचना. आपल्याकडे बहुतेक जण हीच घेतात. दुसरी पीसीपी, म्हणजे आधीच पंपाने हवा भरून ठेवलेली टाकीवाली. ती नेमाला सोपी, पण पंपासकट खर्च वाढतो आणि वॉशर गळायला लागले की डोकेदुखी. गोठ्यापुरती स्प्रिंगवाली पुष्कळ.

एकच जोर, दोन छर्रे

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून ज्यांनी गोफण फिरवली आहे, त्यांना हे सांगायला नको. हात तोच, जोर तोच. बारका खडा सणसणत सरळ जातो, मोठा गुंडा हळू जातो, वाकून जातो, पण बसला की धप्पकन बसतो. १७७ आणि २२ यांच्यातला सगळा वाद एवढाच आहे.

आकड्यांत सांगायचं तर बंदुकीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. दोन किलोचं वजन जमिनीपासून एक मीटर उचलायला जेवढी ताकद खर्च होते, ती साधारण २० ज्यूल. आता १६ ज्यूलच्या आसपासच्या दोन बंदुका घ्या. १७७वाली ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने फेकेल. २२वाली एक ग्रॅमचा छर्रा १८० मीटरच्या वेगाने. ३० मीटर अंतर कापेपर्यंत, हवेचा अडथळा सोडून दिला तरी, पहिला छर्रा नळीच्या सरळ रेषेपासून पावणेआठ सेंटिमीटर खाली येतो आणि दुसरा साडेतेरा. म्हणजे २२ला अंतराचा अंदाज नीट लागावा लागतो, १७७ थोडी चूक पोटात घालते.

उलट बाजूही आहे. बारीक, वेगवान छर्रा जनावराच्या अंगातून आरपार जाऊ शकतो आणि उरलेला जोर मागच्या भिंतीवर वाया घालवतो. जाड, सावकाश छर्रा आतच थांबतो, धक्का सगळा जनावराला बसतो. म्हणूनच तिकडच्या शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: पक्ष्याला १७७, केसाळ जनावराला २२. उंदीर केसाळ, म्हणून व्हिडिओतला सल्ला २२चा. तर्क चुकीचा नाही.

मग आपण २२ का घ्यायची नाही?

कारण आपल्याकडे ही निवड कायद्यानेच करून ठेवली आहे. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे सध्याचे शस्त्र नियम २०१६चे. या नियमांप्रमाणे विनापरवाना हवेच्या बंदुकीला दोन अटी आहेत: नळी ४.५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, आणि नळीच्या तोंडाशी जोर २० ज्यूलपर्यंत. दोन्ही पाळल्या तरच परवान्यातून सूट. एकही मोडली की ती परवान्याची वस्तू झाली. २२ची बंदूक कितीही दुबळी असो, ५.५ मिलिमीटरला ती पहिल्याच अटीत बाद होते.

इंग्लंडमध्ये नळीच्या मापावर अशी अट नाही. तिथे साधारण १६ ज्यूलच्या आत जोर असेल तर १७७, २२ की २५ हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे तिथे ‘कोणतं कॅलिबर’ हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे उपद्रवी उंदरांसाठी परवाना नसलेल्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. त्याचं उत्तर १७७.

‘पण पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो ना?’ मिळतो, शस्त्र कायद्याच्या कलम १३मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. अर्ज, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, आणि निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा निरोप. गोठ्यातल्या उंदरांपायी एवढा खटाटोप कुणी करावा असं मला वाटत नाही.

‘ऑनलाइन तर २२ सर्रास दिसते.’ दिसते. दिसणं आणि कायदेशीर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कुरिअर घरी आलं म्हणून परवाना आला असं होत नाही. पकडले गेल्यावर जबाब तुम्हालाच द्यायचा आहे. ओळखपत्र दाखवून, कॅलिबर आणि जोर लिहिलेलं पक्कं बिल घ्यायचं आणि ते बंदुकीजवळच ठेवायचं.

खोक्यावरचा वेग

दुसरी अट, २० ज्यूलची, लोक विसरतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१२०० एफपीएस’ छापलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १२०० फूट. ऐकून छाती फुगते. हिशेब करून बघा. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेग मीटरमध्ये, गुणिले पुन्हा तोच वेग, भागिले २०००. आलेलं उत्तर ज्यूल. फुटांचे मीटर करायला ०.३ने गुणलं तरी चालतं.

१२०० फूट म्हणजे ३६६ मीटर. अर्ध्या ग्रॅमचा नेहमीचा छर्रा खरंच त्या वेगाने निघाला तर जोर होतो ३३ ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर. २० ज्यूलच्या आत राहायचं तर छर्रा जेमतेम ०.३ ग्रॅमचा हवा. म्हणजे एकतर खोक्यावरचा आकडा पिसासारख्या हलक्या छऱ्यावर मोजलेला आहे, किंवा बंदूक नियमात बसत नाही, किंवा आकडा नुसता विकण्यासाठी आहे. तिन्हींत गिऱ्हाइकाचा फायदा शून्य. शिवाय आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. छर्रा त्याच्या जवळ गेला की डगमगायला लागतो आणि नेम जातो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २४० ते २६० मीटरने फेकणारी बंदूक गोठ्याला उत्तम. ०.५४ ग्रॅमला २७०पर्यंत गेलात तरी पावणेवीस ज्यूल होतात, म्हणजे काठावर.

१७७ने उंदीर मरतो का?

मरतो, डोक्याला बसला तर. २५ मीटरवरही या छऱ्यात निम्म्याहून जास्त जोर शिल्लक असतो आणि उंदराच्या कवटीला तो पुरून उरतो. पोटात किंवा पुठ्ठ्यावर बसला तर उंदीर बिळात जाऊन दोन दिवस तडफडून मरतो आणि तुम्हाला वासाने कळतं. हे २२ने मारलं तरी तसंच होईल. इथे कॅलिबरपेक्षा नेम मोठा.

नेम कसा तपासायचा? वाळूच्या पोत्यावर कागद लावा, हात टेकवून पाच छर्रे मारा. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर ते अंतर तुमचं. नाही झाकली तर पुढे सरका. बहुतेकांचं उत्तर १५ मीटरच्या आत येतं, आणि गोठ्यात त्याहून लांब मारायची गरजही क्वचितच पडते. स्प्रिंगच्या बंदुकीची एक खोड आहे: छर्रा नळीत असतानाच ती पुढे-मागे हिसका देते. तिला घट्ट आवळून धरलं की नेम जातो. तळहातावर नुसती विसावू द्यायची. छऱ्याशिवाय रिकामा चाप कधी ओढायचा नाही, आत स्प्रिंग आणि पिस्टन आपटून खराब होतात.

छर्रे गोल डोक्याचे घ्या. चपट्या डोक्याचे दहा मीटरवर कागदाला सुंदर गोल भोक पाडतात, म्हणून स्पर्धेत वापरतात. अभिनव बिंद्राने २००८ला बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं ते याच ४.५ मिलिमीटरने, दहा मीटरवर. १७७ला पोरांचं खेळणं म्हणणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे. टोकदार छर्रे जाहिरातीत चांगले दिसतात. लोखंडी गोळ्या तर शेडजवळ नकोतच. त्या कठीण असतात, आपटून उलट्या येतात.

घुशीची गोष्ट निराळी. मोठी घूस किलोभर भरते, कवटी जाड, आणि ती उघड्यावर फार वेळ थांबत नाही. तिच्यासाठी मी बंदुकीचा सल्ला देणार नाही, मोठा पिंजरा लावा.

चुकलेला छर्रा कुठे जातो?

चाप ओढण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. रात्री उंदीर जमिनीवर कमी आणि तुळईवर, पत्र्याखालच्या अँगलवर, भिंतीच्या कडेने जास्त पळतो. टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे वर चमकतात आणि हात आपोआप वर जातो. वर पत्रा आहे. पातळ, जुन्या पत्र्याला छर्रा भोक पाडतो, ते जूनमध्ये पेंढीवर टपटपायला लागल्यावर दिसतं. सिमेंटचा पत्रा तडकतो. दगडी भिंत किंवा कोबा असेल तर छर्रा परत फिरतो, कुठे ते सांगता येत नाही. म्हशीचा डोळा तिथे असू शकतो, आणि तुमचाही. उघड्यावर वरच्या दिशेने मारलेला छर्रा दोनतीनशे मीटर सहज जातो, तेवढ्यात वस्तीवरची दोन घरं येतात.

म्हणून जागा आधी ठरवायची. उंदराची वाट शोधायची: भिंतीकडेला तेलकट काळा पट्टा, लेंड्या, कुरतडलेलं पोतं. त्या वाटेवर, मागे वाळूचं किंवा मातीचं पोतं असेल अशा एकाच ठिकाणी चिमूटभर भरडा ठेवायचा. आपण बाजूला स्टुलावर बसायचं, नळी किंचित खाली. टॉर्चवर लाल कागद लावला तर चांगलं, लाल उजेड उंदराला नीट दिसत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं की अमुक वेळ गोठ्यात कुणी येणार नाही. आणि बंदूक पोरांच्या हाताला लागेल अशी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, कपाटात कुलूप लावूनच.

छर्रा शिशाचा असतो, शिसं विषारी. गव्हाणीत, मूरघासात, पशुखाद्याच्या पोत्यात पडलेला छर्रा जनावराच्या पोटात गेला तर दुखणं ओळखायलाही वेळ लागतो. बेदाण्याच्या शेडमध्ये तर मी बंदूक काढूच नका म्हणेन. क्रेटमध्ये एक शिशाचा तुकडा सापडला की अख्खा माल संशयात येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ते अशा कामांसाठी पणाला लावायचं कशाला? कथलाचे, बिनशिशाचे छर्रे मिळतात, पण ते हलके आणि महाग. मेलेला उंदीर पुरून टाका, उकिरड्यावर फेकला तर घुबड किंवा मांजर छऱ्यासकट खाते.

कावळे, कबुतरं, मोर, माकडं?

इथे बंदूक खाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पाचव्या अनुसूचीत पूर्वी उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर त्यात होते. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३पासून नवी रचना लागू झाली. आता एखादा वन्य प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. त्यामुळे ‘कावळा मारला तर काय होतंय’ ही जुनी समजूत सोडून द्या. घर-गोठ्यातल्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त करायला अडचण नाही. पक्ष्यांवर मात्र नेम धरूच नये. द्राक्षबागेला जाळी लावणं महाग पडतं हे खरं आहे, तरीही.

मोर, घुबड, मुंगूस, उदमांजर, शेकरू, धामण, सगळे संरक्षित आहेत. त्यातलं घुबड, मुंगूस आणि धामण तर तुमच्याच बाजूने उंदरांवर तुटून पडलेले असतात. माकडाला ‘नुसतं घाबरवायला’ छर्रा मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की जखमी करणं हासुद्धा गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यावर मारला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. डुकरांचा प्रश्न मोठा आणि खरा आहे, पण तो वन खात्याच्या दारात सुटतो. १७७च्या छऱ्याने रानडुक्कर फक्त चिडतं.

कोयना, चांदोली, सागरेश्वर, मायणी यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी जपावं. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणंच गुन्हा आहे, छर्रा उडाला की नाही हा पुढचा प्रश्न. आणि बंदूक मोटारसायकलला अडकवून गावातून मिरवू नका. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात.

एवढं करून उंदीर कमी होतात का?

फारसे नाही. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. रात्री जागून दोन मारले तरी हिशेब तुमच्या विरुद्धच जातो. बंदूक उपयोगी आहे ती शेवटच्या चार हुशार उंदरांसाठी, जे पिंजऱ्याला फसत नाहीत आणि आमिषाला तोंड लावत नाहीत.

आधीचं काम कंटाळवाणं आहे आणि खरं काम तेच. मोठ्या उंदराला १२ मिलिमीटरची फट पुरते, लहानाला ६ मिलिमीटरची. दाराखाली पत्र्याची पट्टी, भिंतीतली भोकं सिमेंटने, पोती जमिनीपासून उंच फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे ती याच विचाराने, तोंड बंद तर शिरकाव बंद. पिंजरे भिंतीला चिकटून लावायचे, उंदीर मोकळ्यावरून जात नाही. झिंक फॉस्फाइडचं विष वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष खाऊ घालावं लागतं, नाहीतर एकाला झालं की बाकीचे शहाणे होतात. त्यावर उतारा नाही, त्यामुळे पोरं, कुत्री आणि कोंबड्या लांब. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सावकाश काम करतात, उंदराला संशय येत नाही, पण त्या खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जातं.

घरात आधीच एखादी २२ असेल तर?

हे बऱ्याच घरांत निघतं. चुलत्यांनी कधीकाळी आणलेली, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली, नळीवर ५.५ किंवा .२२ कोरलेली. आधी तो आकडा बघा. आकडा नसेल तर छर्रा घालून बघा: १७७चा छर्रा सैल पडत असेल तर नळी मोठी आहे. मग ती वापरायची नाही, विकायची नाही, कुणाला भेटही द्यायची नाही. पोलीस ठाण्यात बंदूक हातात घेऊन जाऊ नका. आधी नुसता अर्ज घेऊन जा, वर्णन लिहा, कशी आली ते लिहा, पोचपावती घ्या आणि जमा कशी करायची ते विचारा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतही हे विचारता येतं.